पहिला क्रमांक आणि लोकरुचि

वक्त्याच्या शब्दाविषयीं आपण सहज शंका घेतों. परंतु त्यानें एखादा आंकडा उच्चारला कीं आपली जीभ आपोआप आवरते. संख्येविषयींचा हा आदर कितपत रास्त आहे, हें पाहण्यास जपानी लोकप्रिय संगीताचें २०११ हें एक वर्ष उपयोगी पडेल, असें आम्हांस वाटतें.

जपानांत ओरिकॉन ही संस्था १९६८ सालापासून सुट्या गाण्यांच्या तबकड्यांचा खप मोजून त्यांचे क्रम प्रसिद्ध करीत आली आहे. तिच्या २०११ च्या वार्षिक यादींत पहिले पांचही क्रमांक ‘एकेबी ४८’ ह्या एकाच गायिकासंघाकडे गेले; प्रत्येक तबकडीचा खप १० लाखांवर होता. साऱ्या जपानाचे कान एकाच सुराकडे लागले होते, असें अनुमान कोणीही करील. परंतु ह्या संघाच्या तबकड्यांसोबत अनेकदां गायिकांशीं हस्तांदोलन करण्याची चिठ्ठी मिळे; मे महिन्यांतल्या ‘एव्हरीडे, काच्यूशा’सोबत तर आवडत्या गायिकेस मत देण्याचा हक्क होता. अधिक तबकड्या घ्याव्या, अधिक मतें द्यावीं! ज्याची भक्ति उत्कट आणि थैली जड, तो एकच गाणें अनेकदां विकत घेई.

ही फसवणूक होय काय? आम्हांस तसें म्हणवत नाहीं. नियम उघड होते, घेणारा राजीखुशीनें घेत होता, आणि मोजणारानें खपलेल्याच तबकड्या मोजल्या. हा एका परीनें दौलतजादाच होय, आणि तो करणें न करणें ज्याच्या त्याच्या मर्जीवर आहे. मात्र दौलतजादा मोजून श्रोते मोजल्याचें समाधान कोणी मानूं नये. एकच तबकडी घेऊन ती वर्षभर ऐकणाऱ्या विद्यार्थ्याचें प्रेम त्या यादींत एक भरतें. दहा घेऊन नऊ न उघडणाराचें दहा भरतें.

शिवाय एकच आंकडा निरनिराळ्या भावना पोटांत घालतो. २००३ सालीं सर्वांत अधिक खपलेलें गाणें ‘स्मॅप’ ह्या गायकमंडळीचें होतें. माणसें फुलांप्रमाणें एकमेकांहून वेगळीं असल्यामुळें त्यांना पहिलें येण्याची गरज नाहीं, हाच त्याचा आशय. तरी त्यालाच पहिला क्रमांक मिळाला! पुढें २०१६ च्या अखेरीस ती मंडळी विसर्जित झाली, त्या वर्षीं चाहत्यांनीं तेंच गाणें पुन्हां मोठ्या संख्येनें घेतलें. त्या खरेदींत निरोपाचें दुःख होतें. हिशेबांत मात्र तो केवळ खपच.

२०१८ च्या अखेरीपासून ओरिकॉननें तबकड्यांबरोबर आंतरजालावरील श्रवणही धरून संयुक्त यादी काढण्यास आरंभ केला. माप सुधारलें हें चांगलेंच झालें. तथापि किती जणांनीं किती वेळां ऐकलें, एवढेंच तें सांगूं शकेल. गाणें ऐकण्याजोगें आहे कीं नाहीं, हें ज्याचें त्यानेंच ऐकून ठरविलें पाहिजे. तेवढा श्रम टाळून जो आपली रुचि यादीच्या स्वाधीन करतो, त्यानें मागाहून यादीस दोष देऊं नये, इतकेंच आमचें म्हणणें आहे.