पैसे भरून केलेली शिकार



गेल्या महिन्यात एका रविवारी मिस्सा आटोपून मी सॅक्रिस्टीबाहेर आलो, तेव्हा आपल्या धर्मग्रामातील एक मावशी हातात मोबाईल घेऊन दाराशी उभ्या होत्या. "फादर, पोरगा फोनवर आहे. काहीतरी विचारायचं म्हणतो. मला काही त्यातलं कळत नाही, तुम्हीच बोला."

हा मुलगा तलासरीत वसतिगृहात राहून शिकला, इंजिनीअर झाला आणि आता अमेरिकेत टेक्सास राज्यात नोकरी करतो. त्याच्या ऑफिसातील चौघे मित्र नोव्हेंबरमध्ये हरणाच्या शिकारीला निघाले आहेत आणि त्यांनी यालाही बोलावले आहे. तीन दिवस जंगलातील लॉजवर मुक्काम, जेवणखाण, सोबत वाटाड्या, बंदुकीचा सराव, सगळे पैशात धरलेले. आगाऊ रक्कमही भरायची होती. त्याने मला विचारले, "फादर, इथे हे कायदेशीर आहे. सगळे करतात. पण हे पाप आहे का?"

मी त्याला म्हणालो, "बाळा, मला आठवडाभर दे." या प्रश्नाने तो आठवडा माझी पाठ सोडली नाही. म्हणून तो आज तुमच्यापुढेही ठेवतो.

प्रथम त्याची बाजू नीट ऐकून घेऊ. ज्या हरणाची ही गोष्ट आहे, ते घाबरले की आपली पांढरी शेपटी निशाणासारखी उभारून पळते. त्यावरूनच त्याचे इंग्रजी नाव पडले. सन १९०० च्या सुमारास अमेरिकेत ही हरणे बेसुमार शिकारीमुळे काही लाखांवर आली होती. मग कायदे झाले, शिकारीचे हंगाम ठरले, परवाने आले. १९३७ साली बंदुका आणि काडतुसांवरील कराचा पैसा वन्यप्राण्यांच्या संवर्धनासाठी देण्याचा कायदा झाला. आज ती हरणे अडीच ते तीन कोटींच्या घरात आहेत. लांडगे आणि डोंगरी सिंह बहुतेक भागांतून माणसानेच संपवले. त्यामुळे हरणे वाढली की शेते आणि जंगलातील कोवळी रोपे फस्त होतात, आणि कडक हिवाळ्यात तीच उपाशी मरतात. तिथे अनेक कुटुंबे वर्षातून एक-दोन हरणे मारून वर्षभर ते मांस खातात. काही शिकारी ते गरिबांच्या अन्नछत्रांना देतात. याला मी सरसकट पाप म्हणू शकत नाही.

शिवाय माझे हात तरी कुठे स्वच्छ आहेत? रविवारी माझ्याही ताटात कोंबडी असते. ती कोणी मारली, कशी मारली, हे मी विचारत नाही. पिंजऱ्यात वाढलेल्या कोंबडीपेक्षा रानात मोकळे जगलेले हरीण अधिक चांगले जगले, असे कोणी म्हटले तर मला उत्तर देता येणार नाही.

पवित्र शास्त्रही मांसाहाराला बंदी करत नाही. जलप्रलयानंतर देवाने नोहाला प्राणी खाण्याची मुभा दिली. पण त्याच क्षणी एक मर्यादाही घातली: रक्त खायचे नाही. रक्त म्हणजे जीव, आणि जीव देवाचा. म्हणजे मांस तुला दिले, जीव तुझ्या मालकीचा केला नाही. ही मर्यादा आपण फार लवकर विसरतो.

ख्रिस्तसभेनेही या विषयावर विचार केला आहे. १२१५ साली चौथ्या लॅटरन परिषदेने धर्मगुरूंना शिकार करण्यास मनाई केली. म्हणजे ती बंदूक माझ्या हातात शोभणार नाही, हे आठशे वर्षांपूर्वीच ठरले! संत थॉमस अक्वायनस यांचे म्हणणे असे, की जनावरांशी क्रूरपणे वागण्याची सवय माणसाला माणसांशीही क्रूर करते. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना मला हे उत्तर पुरेसे वाटे. आता वाटत नाही, कारण त्यात सगळी काळजी माणसाचीच आहे, हरणाची नाही. आजचे कॅटेकिझम पुढे जाते. अन्नवस्त्रासाठी प्राण्यांचा उपयोग योग्य आहे, पण त्यांना विनाकारण यातना देणे किंवा मारणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, असे परिच्छेद २४१७ आणि २४१८ मध्ये सांगितले आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात शिकवले, की प्रत्येक जिवाला देवापुढे स्वतःचे मोल आहे, ते आपल्या उपयोगावर ठरत नाही.

तेव्हा सगळा प्रश्न 'विनाकारण' या एका शब्दावर येऊन थांबतो. कारण म्हणजे काय?

इथे मला आपल्या डहाणू-तलासरीकडे वळावे लागते. एका पाड्यावरील आजोबांनी मला जुन्या काळची पारध सांगितली होती. सगळा पाडा निघायचा. तिरकमठे, कुत्री, पोरेसोरे. मिळालेल्या मांसाचे वाटे घरटी पडायचे. ज्याचा बाण लागला त्याला थोडे जास्त, विधवेच्या घरी आधी पोहोचवायचे, आणि कुत्र्याचाही वाटा ठेवायचा. मी विचारले, "आणि काहीच मिळालं नाही तर?" आजोबा म्हणाले, "तर नाचणीची भाकर."

ती पारध निर्दोष होती असे मी म्हणत नाही. फाशात अडकलेले जनावर रात्रभर तडफडायचे, हेही आजोबांनी लपवले नाही. पण तिथे कारण होते. भूक होती, आणि वाटा होता. वारली बाया लग्नाच्या वेळी भिंतीवर चित्र काढतात, तेव्हा माणूस आणि रानातले जनावर तांदळाच्या एकाच पिठाने, बांबूच्या एकाच काडीने काढतात. माणूस काही वेगळ्या, महागड्या रंगात नसतो.

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि ती पारध बंद झाली. जंगल आटले होते, जनावरे संपत चालली होती, कायदा गरजेचाच होता. आज तुमच्यापैकी कोणी भेकर किंवा ससा फाशात धरला, तर तो गुन्हा आहे, आणि तुम्ही तो करू नये असेच मी सांगेन. जनावर पिकाची नासाडी करत असेल, तर वनखात्याकडे जाण्याची वाट त्याच कायद्यात आहे.

पण त्या कायद्याआधी आपल्या देशात दुसरीही एक शिकार होती. साहेब आणि संस्थानिक मचाणावर बसायचे, गावकरी हाकारे डबे बडवत जनावर त्यांच्यासमोर आणायचे. स्वातंत्र्यानंतर त्याचा रीतसर धंदा झाला. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकलेले आणि पुढे केंद्रात मंत्री झालेले विद्याचरण शुक्ल यांनी तरुणपणी 'ॲल्विन कूपर' ही कंपनी काढली होती. ती मध्य प्रदेशातील जंगलांत शिकारीच्या सहली नेत असे. ते तेव्हा कायदेशीर होते. १९७० साली वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली, आणि दोन वर्षांनी वन्यजीव कायदा आला.

आता टेक्सासच्या लॉजकडे परत जाऊ. त्या मुलाने मला माहितीपत्रक पाठवले. नोव्हेंबर का? तर तो हरणांच्या मीलनाचा काळ. नर मादीच्या मागे बेभान असतो, एरवीची सावधगिरी विसरतो. बसायचे कुठे? बंदिस्त आडोशात, खुर्चीवर. समोर एक यंत्र ठरलेल्या वेळी मका सांडते. हरणांना त्याची सवय झालेली असते. गोळी घातल्यावर जनावर शोधणे, फाडणे, सोलणे, मांसाचे तुकडे करून गोठवणे, हे सगळे वाटाड्या आणि त्याची माणसे करतात. आणि पैसे मांसाच्या वजनावर नाहीत, शिंगांच्या मापावर आहेत. मोठी शिंगे, जास्त डॉलर.

ते वाचून मला वाटले, ही तर आपली जुनी मचाणच आहे. हाकाऱ्यांच्या जागी मका आला, एवढेच. शिकारीत जे कष्टाचे, धीराचे आणि किळसवाणे असते, ते सगळे पैसे देऊन दुसऱ्यावर सोपवले. स्वतःकडे ठेवले ते फक्त बोट. ज्याला आपण कारण म्हणतो ते इथे कुठे आहे? मांस हवे असते तर शिंगांना भाव कशाला? हरणांची संख्या आवरायची असती तर मादी मारायला हवी, कारण कळप मादीमुळे वाढतो. भिंतीवर लावायला डोके हवे, हेच कारण उरते. आणि एखाद्या जिवाचा अंत माझ्या भिंतीच्या शोभेसाठी व्हावा, हे कारण मला देवासमोर उभे राहून सांगता येणार नाही. कायद्याने मुभा दिली म्हणजे कारण मिळाले, असे होत नाही.

आठवड्याने मी त्याला फोन केला. 'पाप' हा शब्द मी वापरला नाही. तीन प्रश्न विचारले. "एक: फोटो काढायचा नाही आणि शिंगं आणायची नाहीत, असं ठरलं तर जाशील का? दोन: नेम चुकून हरीण जखमी होऊन पळालं, तर रात्रभर बॅटरी घेऊन तू स्वतः त्याच्या रक्ताच्या मागावर जाशील, की वाटाड्याला पाठवून जेवायला बसशील? तीन: ते मांस कोण खाणार?"

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "फादर, खरं सांगू? मला हरीण मारायचंच नाहीये. पण इथं सगळ्यांत मिसळायचं तर हे लागतं. नाही म्हटलं तर पुढच्या वेळी बोलावणार नाहीत."

बंधू-भगिनींनो, हे ऐकून माझा सगळा युक्तिवाद मला थिटा वाटला. परक्या मुलखात एकटा पडलेला आपला मुलगा. त्याला शिकारीची हौस नव्हती, सोबत हवी होती. त्याच्या घराण्यात ज्या पारधीने सगळा पाडा एकत्र यायचा, तीच सोबत तो तिथे पैसे भरून शोधत होता.

मी त्याला म्हणालो, "मग जा. त्यांच्यासोबत राहा, पहाटे उठून आडोशात बस, हरीण बघ, शेकोटीला बस, जेवण कर. फक्त बंदूक घेऊ नकोस. कोणी विचारलं तर सरळ सांग, मला मारायचं कारण नाही. एवढ्यावरून ज्याची मैत्री तुटते, ती टिकवायला हरणाचा जीव देऊ नये." तो म्हणाला, "विचार करतो, फादर." त्याने अजून काही कळवलेले नाही, आणि मी तगादा लावलेला नाही. सदसद्विवेकबुद्धी त्याची आहे.

आपल्याला टेक्सास दूर आहे. पण चिकूच्या वाडीत गलोल घेऊन बुलबुलावर नेम धरणारी मुले आपलीच आहेत. त्यांनाही मित्रांमध्ये मान हवा असतो. रानडुकरासाठी शेतात विजेची उघडी तार सोडणारेही आपल्यात आहेत. पीक वाचवण्याचे त्यांचे कारण खरे आहे, पण ती तार जनावर आणि शेजाऱ्याचे पोर यांत फरक करत नाही. आणि रविवारच्या ताटात अर्धे टाकून देणारे आपण सगळेच आहोत. टाकलेला तो तुकडा म्हणजे विनाकारण गेलेला जीवच.

म्हणून आज दुपारी जेवायला बसाल तेव्हा, भोजनाची प्रार्थना म्हणताना, क्षणभर थांबून ताटाकडे बघा. ज्याचा जीव गेला त्याची आठवण करा. वाढून घेतलेले संपवा. आणि शेजारच्या घरी चूल पेटली नसेल, तर तिथे एक वाटा पाठवा.

तुमचा प्रभूत,
फादर