ढोलाचे कातडे आणि देहाची त्वचा
सातपुड्यातील धडगाव परिसरात होळीला पावरा समाजाचे मोठे ढोल वाजतात. कमरेला भोपळे आणि घुंगरू बांधलेले नर्तक, म्हणजे बुध्या, त्या ठेक्यावर नाचतात. ढोलाचे कातडे एकेकाळी जनावराची त्वचा होते. तेव्हा ते स्पर्श जाणत होते, जखम झाली तर आपणच सांधून येत होते. आता ते फाटले, तर ढोल दुसऱ्या कुणाला तरी मढवावा लागतो. तत्त्वज्ञ इमान्युएल कांट याने १७९० च्या ग्रंथात हाच भेद मांडला: यंत्राचे भाग एकमेकांसाठी असतात, सजीवाचे अवयव एकमेकांना घडवतातही. तरीही ढोलाला नुसती निर्जीव वस्तू म्हणणे उथळ आहे. वादकाच्या हातून त्याला हेतू मिळतो आणि अनेकांची पावले एका लयीत पडतात. त्वचेचा हेतू मात्र देहातच असतो.