विणकामाचे पूर्णत्व आणि सोबतीचा वाटा

सुयांवर लोकर विणणाऱ्यांच्या घरी पुऱ्या झालेल्या कपड्यांच्या जोडीने अर्धवट राहिलेले तुकडेही हमखास सापडतात, आणि त्यांचे कारण सहसा विणणाऱ्याच्या स्वभावात शोधले जाते: चिकाटी कमी पडली, उत्साह ओसरला, नव्या रंगाच्या लोकरीचा मोह आवरला नाही. हे स्पष्टीकरण खोटे नाही, पण ते विणकामाच्या रचनेकडे आणि विणणाऱ्यांच्या परस्परसंबंधांकडे पाठ फिरवते. विणकाम तडीस जाणे हा एकट्या व्यक्तीचा सद्गुण मानण्यापेक्षा, ते बव्हंशी सोबतीतून घडते असे मानणे अधिक सयुक्तिक आहे. मात्र ही सोबत कोणत्या अटींवर मिळते, यावर तिचे मोल अवलंबून असते, आणि या कलेच्या इतिहासात त्या अटी नेहमीच सुखाच्या नव्हत्या.

आधी रचनेचा विचार केला पाहिजे. मागावरच्या कापडात उभे आणि आडवे असे दोन निराळे धागे एकमेकांना अडकवून ठेवतात. सुयांवरच्या विणकामात मात्र एकच सलग धागा फाशांच्या रांगा रचत जातो आणि प्रत्येक फासा त्याच्यातून ओढलेल्या वरच्या फाशामुळे जागच्या जागी राहतो. फासा पुढच्या बाजूला ओढला की सुलट टाका होतो आणि मागच्या बाजूला ओढला की उलट टाका. विणीचे बहुतेक सारे प्रकार या दोहोंच्या मांडणीतून निघतात. याचा परिणाम असा की सर्वांत वरच्या रांगेला सुईखेरीज दुसरा आधार नसतो. शेवटी एकेक टाका शेजारच्या टाक्यात गुंतवून, म्हणजे टाके बंद करून, ती रांग पक्की करेपर्यंत संपूर्ण काम सुईच्या भरवशावर उभे असते, आणि एखादा टाका निसटला तर तो खालच्या रांगांनाही घेऊन उसवत जातो. भरतकाम अर्धे सोडले तरी खालचे कापड शाबूत असते, शिवण थांबली तरी कापलेले तुकडे तुकड्यांच्या रूपाने टिकतात. अर्धा स्वेटर मात्र पेटीत ठेवला तरी जपून ठेवावा लागतो, त्यात दोन सुया अडकून पडतात आणि नमुन्याचा कागद हरवला की पुढची ओळ कोणती, हेही कळेनासे होते. उलटपक्षी, हेच काम कोणत्याही टप्प्यावर उसवून जवळजवळ सगळी लोकर परत मिळवता येते, ही सवलत फार थोड्या हस्तव्यवसायांत आहे. म्हणून टाके बंद करताना होणारी चालढकल हा निव्वळ आळस नसतो. जोवर काम सुईवर आहे तोवर गळा मोठा करता येतो, बाही लांबवता येते किंवा सारेच मोडून दुसरे काही करता येते, आणि ही मुभा सोडण्याची नाखुशी त्या चालढकलीत असते.

दुसरी अडचण कौशल्याची आहे. पाठ, पुढा आणि दोन बाह्या विणून झाल्या म्हणजे स्वेटर झाला असे नव्हे; खांदे जोडणे, बाह्या बसवणे, गळ्याभोवतीचे टाके उचलून पट्टी विणणे, धाग्यांची लोंबती टोके सुईने आतल्या बाजूला ओवून लपवणे आणि शेवटी सगळे ओले करून, ठरल्या मापात ताणून वाळवणे, ही कामे उरतात. त्यांत विणण्याची ती ठेक्यातली गती नसते, गप्पा मारता मारता ती होत नाहीत, आणि उत्तम विणणाऱ्या कितीतरी जणींचे हात इथे अडखळतात. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांवर एकोणिसाव्या शतकात जाळीदार शालींचा जो व्यवसाय चाले, त्यात शाली धुणे, दुरुस्त करणे आणि ताणून आकाराला आणणे हे काम विणणाऱ्या स्त्रियांहून वेगळ्या स्त्रिया मोलाने करीत. शेवटचा हात फिरवणे हे निराळे कसब आहे, हे त्या बाजाराने ओळखले होते. इंग्लंडमध्ये १९१० साली जन्मलेल्या आणि पुढे अमेरिकेतील विस्कॉन्सिनमध्ये स्थायिक झालेल्या एलिझाबेथ झिमरमन यांनी याच अडचणीवर दुसरा मार्ग सुचवला. दोन टोके लवचीक तारेने जोडलेल्या गोल सुईवर अंग आणि बाह्या नळीसारख्या विणाव्यात आणि जोडण्यासारखे फारसे शिल्लकच ठेवू नये, यावर त्यांचा भर होता. छातीच्या घेरातील टाके शंभर टक्के धरून बाही, मनगट, गळा यांचे टाके त्याच्या प्रमाणात काढण्याची त्यांची रीत तर छापील नमुन्यावाचूनही स्वेटर विणू देते. १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'निटिंग विदाउट टिअर्स' या पुस्तकाने त्यांचे विचार दूरवर पोहोचवले. पण कामातील जाच इतका कमी करूनही १९७४ पासून त्यांनी विणणाऱ्यांची निवासी शिबिरे भरवायला सुरुवात केली, ही गोष्ट प्रस्तुत मुद्द्याच्या दृष्टीने अधिक बोलकी आहे.

मानसशास्त्राने अपुऱ्या कामाच्या प्रश्नाला थोडा स्पर्श केला आहे. १९२७ साली बर्लिनमध्ये ब्लूमा झायगार्निक यांनी, मध्येच थांबवलेली कामे पुऱ्या झालेल्या कामांपेक्षा अधिक लक्षात राहतात, असा निष्कर्ष मांडला, आणि त्यांच्या सहकारी मारिया ओव्स्यांकिना यांनी पुढच्याच वर्षी, अडवलेले काम माणसे कोणी न सांगताही पुन्हा हाती घेतात, असे दाखवले. पहिल्या निष्कर्षाला नंतरच्या प्रयोगांनी एकसारखी साथ दिली नाही. शिवाय हे प्रयोग काही मिनिटांच्या कामांवरचे होते. आठ महिने कपाटात पडलेल्या बाहीबद्दल ते फारसे काही सांगू शकत नाहीत.

सोबतीने विणण्याची प्रथा जुनी आहे, आणि तिच्याविषयी हळवेपणाने लिहिण्याचा मोह टाळलेला बरा. उत्तर इंग्लंडमधील डेंट या दरीतले लोक मोजे विणून पोट भरीत. हिवाळ्याच्या संध्याकाळी शेजारीपाजारी आळीपाळीने एकेका घरी जमत, विस्तवाभोवती बसत आणि पुरुष, स्त्रिया, मुले सगळी गात, गोष्टी सांगत विणत, असे वर्णन विल्यम हॉविट यांच्या इंग्लंडमधील ग्रामीण जीवनावरच्या १८३८ च्या ग्रंथात आले आहे. वरवर पाहता हे चित्र मोठे लोभस आहे: एका घरच्या विस्तवावर अनेक घरांचे भागते, गाण्याच्या ठेक्याने हात चालतात आणि अंधारात एकट्याने कंटाळण्याची वेळ कोणावर येत नाही. पण रॉबर्ट साउदी यांच्या 'द डॉक्टर' या ग्रंथात याच डेंटची एक निराळी हकिगत आहे, ती लँगडेलहून विणकाम शिकण्यासाठी तेथे पाठवलेल्या दोन लहान बहिणींची. तिथला अखंड विणकामाचा जाच त्यांना सोसवला नाही आणि त्या पायी चालत घरी पळून आल्या. ज्या संध्याकाळी एका प्रवाशाला मैत्रीचा मेळावा वाटतात, त्याच तिथे बसवून ठेवलेल्या मुलीला कामाची पाळी वाटू शकतात. शेटलंडमध्ये तर व्यापारी विणकामाचा मोबदला रोख न देता चहा, कापड अशा मालाच्या रूपाने देत, आणि या व्यवहाराची चौकशी करणाऱ्या सरकारी आयोगासमोर १८७२ मध्ये कित्येक विणकरणींनी साक्षी दिल्या. त्या स्त्रियांच्या शाली पुऱ्या होत, यात शंका नाही. भूक आणि देणे यांच्याइतके काम पुरे करून घेणारे दुसरे काही नाही, आणि म्हणून पूर्णतेचे प्रमाण हीच विणकामाच्या आनंदाची मोजपट्टी मानणारा विचार मुळातच सदोष ठरतो.

आजच्या शहरी विणणाऱ्यांचे मेळावे या सक्तीतून सुटलेले आहेत, कारण स्वेटर बाजारात स्वस्त मिळतो आणि तो घरी विणण्याची आर्थिक निकड कोणालाच उरलेली नाही. सक्ती गेली तशी पूर्णतेची हमीही गेली, आणि तिची जागा काही अंशी मैत्रीने घेतली. विणणाऱ्यांमध्ये स्थूलपणे दोन प्रवृत्ती दिसतात: काहींना तयार वस्तू हवी असते, तर काहींना विणण्याची क्रियाच पुरते आणि वस्तू हे केवळ निमित्त असते. दुसऱ्या प्रवृत्तीच्या व्यक्तीला अपुऱ्या तुकड्यांबद्दल बोल लावण्यात काही अर्थ नाही, निदान जोवर तो तुकडा दुसऱ्या कोणाला कबूल केलेला नाही तोवर. मैत्रिणींच्या वर्तुळाचा उपयोग दोन्ही प्रकारच्या विणणाऱ्यांना होतो, पण तो नेहमी कल्पिलेल्या दिशेने होत नाही. लोकरीच्या नव्या गुंड्या आणि नवे नमुने याच बैठकींत हातोहात फिरतात, त्यामुळे नवी कामे सुरू होण्याचा वेग तिथेच सर्वाधिक असतो. या अर्थाने मैत्री ही अपुरेपणाचीही जननी आहे. मात्र अडकलेले काम सुटते तेही तिथेच. गळ्याचे टाके कसे उचलायचे हे छापील सूचनेत वाचून कळत नाही, शेजारी बसलेल्या बाईच्या हातांकडे पाहून कळते. चार ओळी खाली गेलेला चुकीचा टाका विणणारीला दिसत नाही, दुसरीला चटकन दिसतो. आणि, सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, हे उसवलेले बरे, असे सांगण्याचा अधिकार फक्त ज्या व्यक्तीने स्वतः अनेकदा उसवले आहे तिलाच असतो. घरच्या माणसांना कामाच्या दर्जाची पारख नसते, ती सगळ्याचेच कौतुक करतात आणि वर, 'अजून चालूच आहे का?' असेही विचारतात. जाणकार मैत्रीण कौतुकही तोलून करते आणि एखादे काम कायमचे सोडून देण्यास संमतीही देते. ही संमती काम तडीस नेण्याइतकीच मोलाची आहे, कारण मोडून टाकलेला तुकडा अपुरा राहत नाही. तो पुन्हा लोकर होतो.

महाराष्ट्रात थंडी बेताची, त्यामुळे लोकरीच्या विणकामाला इथे हवामानाने दिलेले कारण पुणे-नाशिककडच्या दोन-तीन महिन्यांपुरतेच आहे; तरी ते घराघरांत टिकले, त्यात बाळंतविड्याचा मोठा वाटा आहे. जन्मणाऱ्या मुलासाठी आणि बाळंतिणीसाठी आप्तांनी द्यावयाच्या या वस्तूंत झबली, दुपटी, कुंची यांबरोबर लोकरीची टोपडी, मोजे आणि छोटे स्वेटर येतात. या कामाला अशी मुदत असते की जी मागून वाढवून घेता येत नाही, आणि ते सहसा वाटून केले जाते: मोजे मावशीकडे, स्वेटर आत्याकडे, आणि कोणाची टोपडी मागे पडली तर ती दुसरी कोणी पुरी करून देते. बाळाचे कपडे लहान असतात, हेही यशाचे एक साधे कारण आहे. पण त्याहून लक्षात घेण्याजोगी बाब ही, की एकीचे काम दुसरीने पुरे करण्यात इथे कोणालाच कमीपणा वाटत नाही. विडा सगळ्यांचा मिळून असतो.

हेच तत्त्व अनोळखी माणसांपर्यंत नेणारा एक उपक्रम अमेरिकेत २०२२ मध्ये सुरू झाला. मेसी कॅप्लन आणि जेन सिमोनिक या दोन विणणाऱ्या मैत्रिणींनी 'लूज एंड्स' नावाची योजना उभारली: एखादी व्यक्ती निधन पावली किंवा आजारपणामुळे तिचे हात चालेनासे झाले, की तिने अर्धे सोडलेले विणकाम, क्रोशाचे काम किंवा गोधडी तिच्या आप्तांनी कळवावी, आणि ते काम येणाऱ्या एखाद्या स्वयंसेवकाने ते विनामूल्य पुरे करून द्यावे. हजारो स्वयंसेवक आज अनेक देशांतून या योजनेत नोंदलेले आहेत, आणि योजनेचा जिव्हाळा बाजूला ठेवला तरी तिच्यातून उभे राहणारे कारागिरीचे प्रश्न विचार करण्याजोगे आहेत.

पहिला प्रश्न हाताचा. एकाच जाडीची लोकर आणि एकाच मापाच्या सुया घेऊनही दोघींची वीण सारखी येत नाही. एकीचा हात घट्ट असतो, दुसरीचा सैल, आणि हस्ताक्षराप्रमाणे तो ओळखू येतो. एका इंचात किती टाके बसतात हे मोजून, नमुन्यात सांगितलेल्यापेक्षा जाड किंवा बारीक सुई घेऊन, दुसऱ्या व्यक्तीला पहिलीच्या विणीजवळ जावे लागते. सुयांचे क्रमांकही वाट चुकवतात: भारतात रूढ असलेल्या जुन्या ब्रिटिश पद्धतीत दहा नंबरची सुई आठ नंबरच्या सुईपेक्षा बारीक असते, तर अमेरिकी पद्धतीत आकडा वाढतो तशी सुई जाड होते. नमुन्याचा कागद बहुधा सापडत नाही, तेव्हा विणलेल्या भागातील सुलट-उलट टाके मोजून त्यावरून तो पुन्हा मांडावा लागतो, आणि या वाचनात पहिल्या व्यक्तीच्या सवयी, तिच्या लकबी आणि तिच्या चुकाही वाचल्या जातात.

त्या चुकांचे काय करायचे, हा दुसरा प्रश्न, आणि तो तंत्राचा नाही. एरवीच्या विणकामात सुटलेला टाका दुरुस्त करणे हे कर्तव्य असते. इथे मात्र आईने चुकवलेला टाका तिच्या मुलीला तसाच हवा असू शकतो, आणि सफाईच्या हव्यासाने तो सुधारणारी स्वयंसेविका नकळत काहीतरी पुसून टाकते. तसेच जुना हात जिथे थांबला आणि नवा जिथे सुरू झाला ती रेघ झाकावी की दिसू द्यावी, याचेही एकच उत्तर नाही. पांघरुणात ती दिसली तरी चालते, अंगात घालायच्या स्वेटरात छातीवरून गेलेली विजोड वीण खटकते. हे निर्णय आप्तांशी बोलून घ्यावे लागतात. उपक्रमाचा गाभा या संभाषणातच असावा, असे मानण्यास जागा आहे, कारण जिला कधी भेटता येणार नाही अशा एका विणणारीच्या हाताविषयी दोन अनोळखी माणसे त्यात बारकाईने बोलतात: ती बाहीला टाके कसे घटवत असे, काठ एक सुलट एक उलट विणे की दोन-दोन, लोकर कोठून आणी. लोकर पुरली नाही तर त्याच रंगाची जुनी गुंडी शोधावी, की जुळता दुसरा रंग घेऊन काठच वेगळा करावा, हे ठरवतानाही त्यांना याच माहितीवर विसंबावे लागते.