माळकऱ्याच्या दारचे कुत्रे

कीर्तन आटोपल्यावर मंडळी शंका विचारावयास जवळ येतात. पूर्वी कोणी विचारी, एकादशीस औषध घेतलेले चालते काय. कोणी विचारी, सुतकात हरिपाठ म्हणावा की नाही. अलीकडे त्यांत एका नव्या शंकेची भर पडली आहे. शहरवस्तीतला एखादा माळकरी गृहस्थ जरा संकोचूनच पुढे येतो व म्हणतो, "बुवा, मुलाने घरात कुत्रे आणले आहे. डॉक्टर म्हणतात, त्याला अंडी द्या, मांस द्या. आमच्या घरात तीन पिढ्यांची माळ आहे. आता काय करावे?" भोवतालचे लोक हसतात. आम्हांस मात्र हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटत नाही. एकीकडे मुक्या जिवाचे पोट आहे, दुसरीकडे माणसाचे व्रत आहे, आणि दोन्ही एकाच ताटलीवर येऊन भिडली आहेत.

प्रथम एक भ्रम दूर केला पाहिजे. कित्येक जण मोठ्या कौतुकाने सांगतात, "आमचा मोत्या शुद्ध शाकाहारी आहे हो, एकादशीसुद्धा धरतो!" जैमिनींच्या सूत्रांत, सहाव्या अध्यायात, धर्मकर्माचा अधिकार कोणास आहे याचा विचार आला आहे. पूर्वपक्षी म्हणतो, पशूंनाही अधिकार का नसावा? सुखाची इच्छा तर त्यांनाही आहे. शबरस्वामींच्या भाष्यात त्याच्या तोंडी मोठी मौजेची युक्ती घातली आहे: कुत्री चतुर्दशीस उपवास करताना दिसतात आणि ससाणे अष्टमीस. पाठशाळेत हा भाग आला की आम्ही मुले खुदुखुदु हसत असू, आणि गुरुजीही हसू आवरीत नसत. उत्तर मात्र गंभीर आहे. पशू वेद पढत नाहीत, स्मृती जाणत नाहीत, दुसऱ्याकडून ऐकून उमजत नाहीत. तेव्हा धर्म म्हणून ते काही करतात असे म्हणता येत नाही. म्हणजे मोत्याने एकादशी धरलेली नसते. त्या दिवशी त्याला कोणी काही घातलेले नसते, इतकेच.

यातून दोन गोष्टी निघतात. मांस खाल्ल्याने कुत्र्यास पाप नाही आणि दहीभात खाल्ल्याने पुण्य नाही. जे काही पापपुण्य आहे ते घालणाऱ्याचे. म्हणून "कुत्र्याला सात्त्विक करतो" ही भाषा सोडून द्यावी आणि आपल्या खात्याचा हिशेब पाहावा.

तो हिशेब सोपा नाही. मनूने मांसाच्या प्रकरणी घातक कोण कोण ते मोजले आहेत. अनुमती देणारा, कापणारा, मारणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजविणारा, वाढणारा आणि खाणारा, असे आठ. खाणारा शेवटी आहे. माळकऱ्याने कुत्र्यासाठी मांस आणले तर विकत घेणारा, शिजविणारा आणि वाढणारा अशा तीन जागी तो बसतो. आणि खाणारा जो कुत्रा, त्याला तर दोषच नाही! "मी थोडाच खातो?" या सबबीला मनूने जागा ठेवलेली नाही. डबाबंद खाद्य आणले, त्यावर चित्र गाजराचे असले आणि आत कोंबडी असली, तरी हिशेब तोच.

मग आपले आजोबा-पणजोबा काय करीत होते? त्यांच्याही दारात कुत्री होतीच. वैश्वदेवाच्या वेळी कुत्र्याचा भाग काढून भुईवर ठेवण्याची आज्ञा आहे, आणि स्मृतिकार म्हणतो, तो हळूच ठेवावा. टाकावा, फेकावा, असे नव्हे. तो भाग घरच्या शिजलेल्या अन्नाचाच असे. खेड्यातल्या कुत्र्यास दारोदार भाकरीचा तुकडा मिळे. पुढे ते उकिरड्यावर गेले, शेतात घूस मारली, नाहीतर खाटकाच्या दुकानापुढे जाऊन बसले, तर तो त्याचा संसार होता. आपली भाकरी आपली, त्याची शिकार त्याची. प्रश्न उभा राहिला तो साखळीने. तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, गळ्यात पट्टा बांधून ज्याला आपण ठेवले, त्याची घूस आपण काढून घेतली, उकिरडा काढून घेतला, खाटकाचे दुकानही काढून घेतले. आता ताटलीत जे पडेल तेवढेच त्याचे जग. मोकळ्या कुत्र्यास भाकरी घालणे हे दान होते. बांधलेल्यास घालणे हे देणे आहे. दानात कमीजास्त चालते, देण्यात चालत नाही.

हे देणे भाकरीने फिटते काय, हे आम्ही आमच्या श्रोत्यांपैकी एका पशुवैद्यांस विचारले. त्यांनी जे सांगितले त्याने आमची समजूत पुष्कळ बदलली. कुत्रा लांडग्याच्या कुळातला खरा, परंतु माणसाच्या उंबऱ्याशी हजारो वर्षे राहून त्याचे आतडे माणसाळले आहे. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ साली दाखवून दिले की, पिष्ट पचविणाऱ्या रसाच्या ज्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, त्याच्या कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत आढळतात. पिढ्यानुपिढ्यांची भाकरी त्याच्या रक्तात अशी लिहिली गेली आहे! तेव्हा मांसावाचून कुत्रे मरेलच, हे खरे नाही. ब्रिटनमधील पशुवैद्यांच्या संघटनेनेही कुत्र्यांच्या निर्मांस आहारास असलेला आपला सरसकट विरोध २०२४ साली मागे घेतला. अट एकच, आहार पोषणाने पुरा असावा.

आणि घोडे इथेच अडते. नुसत्या दहीभातावर आणि दूधपोळीवर ठेवलेल्या कुत्र्याचे पोट भरते, अंग भरत नाही. मोठ्या कुत्र्याच्या आहारात, पाण्याचा अंश वगळता, शेकडा १८ भाग तरी प्रथिने असावी लागतात, आणि वाढत्या पिलास याहून अधिक. ड जीवनसत्त्व माणसास उन्हात बसून मिळते, कुत्र्याच्या कातडीस ते पुरेसे करता येत नाही. बी-१२ वनस्पतीत नाहीच. नुसती डाळ वाढवूनही सुटका नाही. धान्याऐवजी मटार-मसूर भरलेल्या काही तयार खाद्यांचा कुत्र्यांच्या हृदयविकाराशी संबंध आहे काय, याची चौकशी अमेरिकेच्या अन्न-औषध खात्याने २०१८ साली सुरू केली. संबंध सिद्ध झाला नाही, पण शंका उपटली. म्हणजे निर्मांस आहार साधतो, परंतु तो आळशाला साधत नाही. मापून डाळ, पनीर, वरून पशुवैद्यांनी सांगितलेली जीवनसत्त्वे, वर्षातून रक्ताची तपासणी, एवढा व्याप आहे. (दूध-पनीर निर्दोष म्हणणाऱ्याने एकदा गोठ्यात जाऊन गोऱ्ह्याचे काय होते तेही पाहावे, पण तो विषय वेगळा.)

शिबिराजाची कथा आम्ही शेकडो वेळा लाविली असेल. श्रोत्यांचे लक्ष कबुतराकडे असते. वनपर्वात ससाण्याचे भाषण वाचून पाहा. तो राजास म्हणतो, तू धर्मज्ञ म्हणवतोस आणि भुकेल्याच्या तोंडचा घास काढतोस. मी मेलो तर माझी बायकापोरे मरतील. एका धर्माने दुसरा धर्म बुडत असेल तर त्यास धर्म कसे म्हणावे? राजाला हे खोडता आले नाही. त्याने ससाण्यास तांदूळ खा म्हणून उपदेश केला नाही. बैल, डुक्कर, हरिण, रेडा, यांचे मांस देऊ केले, आणि ससाण्याने ते नाकारले तेव्हा स्वतःच्या मांडीला सुरी लावली. कबुतर वाचविण्याची हौस राजाची होती, म्हणून किंमतही त्याच्याच अंगातून गेली. ससाण्याच्या अंगातून गेली नाही.

आमचे मत या कथेवर उभे आहे. कुत्र्यास मांस घालावयाचे नाही, हा नेम खुशाल करावा, पण तो ज्याचा त्याने आपल्या मांडीतून फेडावा. पहाटे उठून डाळ शिजवावी, पैसा खर्चावा, वैद्याकडे खेटे घालावे. हे सारे करूनही जनावर वाळू लागले, केस गळू लागले, उठताना मागचे पाय थरथरू लागले, आणि वैद्याने स्पष्ट सांगितले की याला अंडे किंवा मांस लागेल, तर ते आणावे. मनूच्या आठांत आपण बसलो हे जाणून आणावे, सबब सांगू नये. एक दोष हिंसा विकत घेण्याचा, दुसरा बांधलेल्यास झिजविण्याचा. यांतला दुसरा आम्हांस अधिक भयंकर वाटतो, कारण त्यात आपले व्रत आपण दुसऱ्याच्या हाडांवर पाळतो. आमच्या काही माळकरी बंधूंना हे रुचणार नाही, ठाऊक आहे. त्यांनी नामदेवरायांची गोष्ट आठवावी. कुत्रे भाकरी घेऊन पळाले तेव्हा महाराज तुपाची वाटी घेऊन मागे धावले, ते कोरडी भाकरी त्याच्या घशाला लागेल म्हणून. आपल्या नेमाचे काय झाले, हा विचार तेथे नव्हता.

"मग कुत्रे सोडूनच देतो," असे कोणी म्हणेल. ती वाट बंद आहे. स्वर्गाच्या दारात इंद्र युधिष्ठिरास तेच सांगत होता. युधिष्ठिराने उत्तर दिले की भक्ताचा त्याग हा शरणागताला भयात लोटणे, स्त्रीवध, ब्रह्मस्व चोरणे आणि मित्रद्रोह, या चौघांच्या तोलाचा आहे. विचार करावयाचा तो आणण्यापूर्वी. घरात मांस येणे सर्वथा अशक्य असेल तर मांजर तर आणूच नये. तिची गोष्ट कुत्र्याहून निराळी आहे. टॉरिन नावाचे एक द्रव्य तिला मांसातूनच मिळते, ते न मिळाल्यास तिचे हृदय पसरट होऊन ती दगावते, हे १९८७ सालीच उघड झाले आहे. खेड्यातली मांजर उंदरांवर जगते म्हणून आपल्याला हे कळत नव्हते, एवढेच.

राहता राहिली घरातली आजी, जिला अंड्याचा वासही सोसत नाही. तिने ते शिजवू नये, तिच्यावर कोणी सक्तीही करू नये. ज्याने हौसेने कुत्रे आणले त्या नातवाने गॅलरीत वेगळी शेगडी, वेगळे पातेले ठेवावे आणि घासावेही त्यानेच. आजीने फक्त आडवे येऊ नये. तिच्या घरी कांदा-लसूण वर्ज्य असेल तर ते मोत्याच्या पथ्यावरच पडते, कारण कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला घातक आहे. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा मात्र तिने प्रेमाने पुढे करण्याआधी पाहावा. त्यातले बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडास बाधतात, आणि हे पुष्कळ भाविक घरांत कोणाला ठाऊक नसते.