रक्ताची खुंटी

लेण्याद्रीच्या पायऱ्या उतरून आम्ही गोळेगावात चहाला टेकलो होतो. समोर रक्तदान शिबिराचा मांडव. बरोबरचे काका कुणाबद्दल तरी म्हणाले, "बाप एबी, पोरगं ओ. आता काय ते समजून घ्या!" आणि बशीतला चहा भुरकला. मला राग आला तो त्यांचं गणित बरोबर होतं म्हणून.

एक आईकडून, एक बापाकडून. ए आणि बी उठून दिसतात, ओ दबून राहतो, हे शाळेत झालंय. एबी बापाकडे द्यायला ओ नसतोच. तरी अंगावरचं आणि अंगातलं यांत मी नेहमी फरक करतो. ए गटाची कितीतरी माणसं ओ पोटात घेऊन जन्मभर हिंडतात. कार्डावर त्याचा पत्ता नसतो.

आणि हे बोलायचं कुठे, तर गिरिजात्मजाच्या पायथ्याशी! सातव्या लेण्यात, भिक्खूंच्या विहारात बसलेल्या या देवाच्या नावात फक्त आई. पलीकडे नाणेघाटात लेख आहे तो नागनिका राणीचा. तिच्या सासरचाच पुढचा राजा गौतमीपुत्र म्हणून ओळखला गेला. बापाची चौकशी करायला काका या डोंगरांत जरा उशिराच आले.

असो. काकांना गणितानंच गप्प करावं म्हटलं. १९५२ साली मुंबईच्या भेंडे, देशपांडे, भाटिया या संशोधकांनी 'लॅन्सेट'मध्ये एक वेगळंच रक्त नोंदवलं. दिसायला ओ, पण ओ रक्तही त्याला चालेना. तोच 'बॉम्बे' गट. तांबड्या पेशीवर एच नावाची खुंटी असते, तिच्यावर ए-बीच्या टोप्या अडकतात. खुंटीचं जनुक वेगळ्याच गुणसूत्रावर. ते आई-बाप दोघांकडूनही बिघडलेलं आलं, तर टोपी घरात असून टांगायला जागा नाही. म्हणजे एबी बापाचं सख्खं पोर नेहमीच्या तपासणीत ओ ठरू शकतं! दुर्मीळ आहे, मान्य. आपल्याकडे साधारण १०,००० माणसांत एक. पण काकांनी तरी निकाल एकाच माणसाबद्दल दिला होता ना?

नात्यातल्या लग्नात ही उणीव दोन्हीकडून येण्याची शक्यता वाढते. काकांचं कार्ड ओचं. आणि त्यांची आई म्हणजे वडिलांची सख्खी मामेबहीण, हे त्यांनी सकाळी पायऱ्या चढताना, धाप लागलेली असतानाही, मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं.