अर्जाआधीचा प्रश्न

बारावीचा निकाल लागला, की धर्मगुरूच्या पडवीत माणसांची ये-जा वाढते. कोणाला शिफारसपत्र हवे असते, कोणाला सल्ला. सल्ला देणे हे त्यातले सोपे काम, असे मला कित्येक वर्षे वाटत आले. एका उन्हाळ्यात जव्हारला मुक्कामास असताना साखरशेतची एक मुलगी वडिलांसह भेटीस आली आणि माझा तो समज गळून पडला.

मुलगी विज्ञान शाखेतून चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली होती. वडील पावसाळ्यात नागली-वरईचा तुकडा कसणारे आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणारे. मुलीपुढे तीन वाटा होत्या. जव्हारला गोखले एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय आहे, ते घराजवळ. त्याच संस्थेचे नाशिकचे विज्ञान महाविद्यालय मोखाडा-त्र्यंबकच्या रस्त्याने घाट ओलांडून पलीकडे. तिसरी वाट परिचारिकेच्या शिक्षणाची. तिला स्वतःला गणित शिकायचे होते.

आपल्या वसईतला मुलगा दहा ठिकाणी अर्ज करून ठेवतो आणि यादी लागण्याची वाट पाहतो. इथे प्रत्येक अर्जाला शुल्क, प्रत्येक खेपेला एसटीचे भाडे आणि वर वडिलांचा बुडालेला रोज. अर्ज कोठे करावा, हे ठरवतानाच अर्ध्या आयुष्याचा निर्णय होऊन जातो.

मी क्षणभरही विचार न करता म्हणालो, "बेटा, परिचारिका हो आणि इकडेच परत ये." माझ्या मनात १९९२-९३ सालचे वावर-वांगणी होते. कुपोषणाने दगावलेल्या त्या बालकांच्या बातम्यांनी तेव्हा सारा महाराष्ट्र हादरला होता. या डोंगरांतल्या लेकीने या डोंगरांतल्या बाळांना वाचवावे, यापरते उदात्त काय असणार? मुलीने मान खाली घालून ऐकून घेतले आणि मग शाळेतल्या स्वच्छ मराठीत विचारले, "फादर, तुमच्या घरच्या मुलींनाही तुम्ही असंच सांगता का?"

त्या प्रश्नात उद्धटपणाचा लवलेशही नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यायचे होते. मी उत्तर दिले नाही, कारण उत्तर 'नाही' असे होते. माझी पुतणी मुंबईच्या महाविद्यालयात गेली, तेथून परदेशी गेली. तिचे शिफारसपत्र मीच लिहिले होते. तू कोणासाठी शिकणार आहेस, परत केव्हा येणार, असे तिला मी विचारले नाही, आमच्या घरातही कोणी विचारले नाही. तिची हुशारी ही तिची स्वतःची होती. साखरशेतच्या मुलीची हुशारी मात्र मी पाहता पाहता गावाच्या नावावर लिहून टाकली!

संत इग्नेशियस यांच्या 'आध्यात्मिक साधने'त निवड कशी करावी, याविषयी काही सूचना आहेत. सेमिनरीत त्या आम्ही पाठ केल्या होत्या. त्यांतली एक अशी: ज्याला आपण कधी पाहिले नाही, ज्याच्याशी आपले काही नाते नाही, अशा माणसाचे पूर्ण कल्याण चिंतून आपण त्याला काय सांगू, ते आधी ठरवावे आणि मग तेच स्वतःला लावावे. मी नेमके उलटे केले होते. परक्याला एक माप लावले आणि घरच्यांना दुसरे. दुसरी सूचना अशी, की साध्य आधी ठरवावे आणि साधन मागाहून. पुष्कळ माणसे साधन आधी पकडतात आणि नंतर त्याला साध्य चिकटवतात. महाविद्यालयाचे नाव आधी ठरवणारे आपण सारे त्याच पंक्तीतले. हे लिहिणाऱ्या इग्नेशियसना तरी पहिल्या फटक्यात योग्य जागा कोठे सापडली? वयाच्या तेहतिसाव्या वर्षी ते बार्सिलोनात पोरांबरोबर लॅटिन शिकायला बसले. मग आल्काला, मग सालामांका आणि १५२८ साली पॅरिस. तेथेही एक कॉलेज सोडून ते दुसऱ्यात गेले, आणि तेथे त्यांना खोलीसोबती म्हणून फ्रान्सिस झेवियर भेटले. अर्ज चुकला म्हणजे आयुष्य चुकले, असे मानणाऱ्या पालकांनी हा प्रवास अवश्य ध्यानात घ्यावा.

सल्ल्याला चिकटलेल्या अटीचा विचार करताना मला कल्याणच्या आनंदीबाई जोशी आठवल्या. १८७८ साली गोपाळरावांनी पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर यांना पत्र लिहिले. वाइल्डर यांनी मदतीची तयारी दाखवली. अट एकच, उभयतांनी ख्रिस्ती व्हावे. जोशी दांपत्याने ती मानली नाही. पुढे तोच पत्रव्यवहार नियतकालिकात वाचून न्यू जर्सीच्या थिओडिसिया कार्पेंटर या बाईंनी आपणहून हात पुढे केला, कोणतीही अट न घालता. १८८३ साली आनंदीबाई हिंदू म्हणूनच गेल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी पेनसिल्व्हेनियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. वाइल्डर यांची अट वाचून आज आपण ख्रिस्ती माणसे संकोचतो, आणि ते योग्यच आहे. पण 'परत ये, तरच शीक' ही माझी अट तिच्याहून फार निराळी होती काय? आनंदीबाईंना परतायचेच होते. दहा दिवसांचे बाळ गमावलेल्या त्या आईने आपले साध्य स्वतः निवडले होते. मी ते दुसऱ्याच्या मुलीवर लादत होतो.

ऋण नसतेच, असे मला म्हणायचे नाही. शिक्षणाचे ऋण असते. पण शुभवर्तमानात हिशेब सुरू होतो तो ज्याला अधिक मिळाले त्याच्यापासून. मग 'कोणासाठी शिकतोस?' हा प्रश्न आधी वसईतल्या बंगल्यांतून विचारला जायला हवा. तो आपण फक्त गरिबाच्या दारात नेऊन ठेवतो.

एक कबुली द्यायची राहिली. त्यापूर्वी काही वर्षे मी या भागातल्या एका मुलाला आग्रहाने मुंबईतल्या एका नामवंत महाविद्यालयात पाठवले होते. दिवाळीपूर्वीच तो गाशा गुंडाळून परतला. आपला मुलगा तिथे शिकतो, हे चारचौघांत सांगण्याची हौस माझी होती. त्याला काय हवे, ते मी विचारलेच नव्हते. एकाला दूर लोटले, दुसरीला जवळ बांधू पाहिले, आणि दोन्ही वेळी बोलत होतो मीच.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा बसलो. या वेळी मी प्रश्न विचारले आणि कागदावर आकडे मांडले. जात पडताळणीचे प्रमाणपत्र हाताशी होते. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी २०१६ पासून 'स्वयंम' योजना आहे. जेवणा-राहण्याची रक्कम त्यांच्या खात्यात जमा होते. मुलीने पहिला अर्ज नाशिकचा लिहिला, दुसरा जव्हारचा. तिसरा लिहिला नाही. वडील सारा वेळ गप्प होते. शेवटी त्यांनी इतकेच विचारले, की नाशिकहून जव्हारला येणारी शेवटची एसटी किती वाजता सुटते? मला ते ठाऊक नव्हते. मग आम्ही तिघेही उठून स्टँडवर चौकशीला गेलो.