संगणकावरील विश्वास आणि प्रामाण्याचा प्रश्न

सॉफ्टवेअर घडविण्याच्या कामासाठी लॅपटॉप आणि ऑपरेटिंग सिस्टिम निवडताना प्रोसेसर, रॅम, बॅटरी व किंमत यांचा विचार साहजिकच आधी होतो. परंतु तो संपल्यावरही एक तात्त्विक प्रश्न शिल्लक राहतो, कारण यंत्रात काय चालले आहे हे वापरणाऱ्याला बहुतांशी ऑपरेटिंग सिस्टिमच सांगत असते, आणि तिचे सांगणे खरे कशावरून मानावे हे प्रोसेसरच्या वेगावरून ठरत नाही.

भारतीय दर्शनांत या प्रश्नाची चर्चा प्रामाण्यवाद या नावाने झाली आहे. ज्ञानाची यथार्थता त्या ज्ञानाबरोबरच प्रतीत होते, तिला बाहेरच्या आधाराची गरज नसते, हे मीमांसकांचे मत म्हणजे स्वतःप्रामाण्य. तर ज्ञानानुसार केलेली कृती सफल झाली म्हणजे अनुमानाने ती यथार्थता कळते, हे नैयायिकांचे मत म्हणजे परतःप्रामाण्य होय. मीमांसक येथे अंधविश्वासाची बाजू घेत नाहीत, कारण बाधक ज्ञान, म्हणजे आधीचे ज्ञान खोटे ठरविणारे नवे ज्ञान, मिळताच आधीचे ज्ञान सोडून द्यावे हे त्यांनाही मान्य आहे. विंडोजसारख्या प्रणालीची अडचण नेमकी इथे आहे: तिचा सोर्स कोड बंद असल्याने बाधक शोधण्याची वाटच अरुंद होते. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी सुरू केलेल्या लिनक्सचा कोड मात्र कोणालाही वाचता येतो.

तरीही कोड वाचता येणे पुरेसे नाही. युनिक्सचे एक निर्माते केन टॉम्प्सन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात दाखवून दिले की, लिहिलेल्या कोडचे यंत्राच्या आज्ञांत रूपांतर करणारा कंपायलर अशा रीतीने बिघडविता येतो की त्या बिघाडाची खूण कोणत्याही सोर्स कोडमध्ये उरत नाही. म्हणजे कोड तपासायचा तर कंपायलर तपासला पाहिजे, तो तपासायचा तर ज्या कंपायलरने तो घडविला तोही तपासला पाहिजे. हा न संपणाऱ्या मालिकेचा अनवस्था दोष मीमांसकांनी परतःप्रामाण्यावर पूर्वीच ठेवला होता. त्यावर नैयायिकांचे उत्तर असे की, प्रत्येक ज्ञान तपासावे लागत नाही. जेथे संशय उपजतो तेथेच परीक्षा करायची आणि संशय फिटला की थांबायचे.

हे उत्तर केवळ ग्रंथातले नाही. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला डेबियन या लिनक्स प्रणालीच्या विकासाधीन आवृत्तीत दूरच्या यंत्रावर लॉगइन होण्यास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो असे आढळले, आणि त्या क्षुल्लक संशयाचा माग काढत ते एक्सझेड युटिल्स या फाइल-संक्षेपणाच्या सॉफ्टवेअरमध्ये दडविलेल्या घातक कोडपर्यंत पोहोचले. घातक कोड घुसविणाऱ्यानेही खुल्या प्रकल्पात दीर्घकाळ योगदान देऊन विश्वास मिळविला होता, हे विसरता येत नाही. म्हणून खुलेपणा म्हणजे निर्दोषता असे मानणे चूक आहे. संशयापासून निर्णयापर्यंत जाण्याचा मार्ग कोणाच्याही परवानगीवाचून मोकळा होता, एवढेच खुल्या प्रणालीचे श्रेष्ठत्व, आणि ते थोडे नाही.

आयफोनसाठी ॲप लिहिणाऱ्याला ॲपलचे एक्सकोड हे साधन लागते आणि ते मॅकओएसवरच चालते, त्यामुळे त्याच्यापुरती निवड आधीच झालेली असते. ज्यांच्यावर असे बंधन नाही त्यांनी लिनक्सला पहिली पसंती द्यावी, आणि लॅपटॉपचे पैसे मोजण्यापूर्वी त्याचे वायफाय, ग्राफिक्स व स्लीप लिनक्सवर नीट चालतात का, हे तपासून घ्यावे.